एका रोग्याला वर्षाला किती झुडपं लागतात?

गुग्गुळ म्हटलं की बहुतेकांना आधी वास आठवतो. संध्याकाळी निखाऱ्यावर टाकलेला खडा आणि घरभर फिरवलेलं धुपाटणं. मग आठवते आजीच्या औषधांच्या डब्यातली योगराज गुग्गुळाची काळी, टणक गोळी. दक्षिण महाराष्ट्रातल्या लिंगायत घरांमध्ये लग्नाच्या निमित्ताने वीरभद्राचा 'गुग्गुळ' निघतो. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या घाणीत गूळ, बेलफळ, उडीद यांच्या सोबतीने गुग्गुळही पडायचा. थोडक्यात, देवघरापासून भिंतीपर्यंत सगळीकडे गुग्गुळ आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मागितला की दुकानदार हमखास विचारतो, "धुपाचा की औषधाचा?"

झाड कसं दिसतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. मी ओळखीच्या दहा-बारा जणांना विचारलं, त्यांत दोन वैद्यही होते. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सालईसारखा एखादा उंच वृक्ष होता. प्रत्यक्षात गुग्गुळ हे माणसाच्या उंचीचं, फार तर दीड माणूस वाढणारं, वेडंवाकडं काटेरी झुडूप आहे. प्रत्येक फांदी पुढे निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाचाच काटा होतो. वर्षातले बरेच महिने अंगावर पान नसतं. खोडावरची साल कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत असते, आणि तिच्याखाली खोड हिरवं असतं. पानं नसताना थोडंफार अन्न हे खोडच तयार करतं. कच्छ, सौराष्ट्र, पश्चिम राजस्थान, सिंध आणि बलुचिस्तान हा त्याचा मुलूख. खडकाळ टेकड्या, थोडा पाऊस, खूप ऊन.

गेली काही वर्षं मी गुग्गुळाबद्दल मिळेल ते वाचतो आहे. वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. जवळजवळ तीन हजार वर्षांचा हा इतिहास दुकानाच्या काउंटरच्या अलीकडे उभं राहून लिहिलेला आहे. विकत घेणारा, जाळणारा, कुटणारा, गिळणारा, प्रयोगशाळेत तपासणारा असे सगळे त्यात आहेत. नाहीत ते झुडूप आणि त्याला चिरा देणारा माणूस.

सुरुवात अथर्ववेदापासून करावी लागते. त्याच्या एकोणिसाव्या कांडात गुग्गुळावर एक छोटं सूक्त आहे. ज्याच्यापर्यंत गुग्गुळाचा सुगंध पोचतो त्याला यक्ष्मा, म्हणजे क्षयासारखे रोग, गाठत नाहीत, असा त्याचा आशय. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे गुग्गुळाचे दोन प्रकार सांगितले आहेत, सिंधूकडून आलेला आणि समुद्राकडून आलेला. म्हणजे सूक्त रचणाऱ्यासाठीसुद्धा गुग्गुळ ही दुरून येणारी वस्तू होती. माल कुठल्या वाटेने येतो हे त्याला माहीत होतं.

पुढे चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये गुग्गुळ येतो. जखमेला द्यायच्या धुरीत तो आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थौल्यावर, अंगात मेद साठण्याच्या विकारावर, तो सांगितला आहे. हा संदर्भ लक्षात ठेवा, विसाव्या शतकात त्यानेच सगळं बदलणार आहे. संस्कृतात गुग्गुळाला नावं तर किती! पुर, कौशिक, पलंकषा, देवधूप, महिषाक्ष. 'महिषाक्ष' म्हणजे म्हशीच्या डोळ्यासारखा काळा चमकदार. ही उपमा खड्याला शोभते, झुडपाला नाही.

सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त रंगावरून पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची वाटणी गमतीची आहे. दोन हत्तींसाठी, दोन घोड्यांसाठी आणि सोनेरी रंगाचा माणसांसाठी. त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे की ताजा गुग्गुळ अंग भरून आणतो आणि जुना गुग्गुळ मेद खरवडून काढतो. एकाच राळेचे वयानुसार उलटे गुण! आज दुकानात धुपाचा की औषधाचा एवढंच विचारतात, नवा की जुना हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

आणखी एक जुना श्लोक वैद्यकात प्रसिद्ध आहे. मरुभूमीत गुग्गुळाची झाडं उगवतात आणि उन्हाळ्यात सूर्याच्या तापाने, हिवाळ्यात थंडीने ती आपला रस सोडतात, असा त्याचा अर्थ. ऊन आणि थंडीचा भाग निरीक्षणातून आलेला आहे. पण वाक्याचा कर्ता पाहा. झाड स्वतःच रस सोडतं. सुरा नाही, हात नाही, मोबदला नाही.

ग्रीक लोक याच राळेला 'बडेलियम' म्हणत. या नावाखाली आफ्रिकेतल्या भाऊबंद झाडांची राळही खपायची, कारण गुग्गुळ हा मुळात बोळाच्या, म्हणजे बायबलमधल्या 'मिऱ्ह'च्या, कुळातला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गांची माहितीपुस्तिका लिहिली. सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकम या बंदरातून आणि भडोचमधून काय काय निर्यात होतं त्याची यादी तिच्यात आहे, आणि दोन्ही ठिकाणी बडेलियम आहे. मराठी वाचकाला हे पुस्तक पैठण आणि तेर यांच्या उल्लेखांमुळे माहीत असतं. पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, तिथेच उत्तरेकडून गुग्गुळ येऊन पडायचा. भडोचच्या धक्क्यावर पैठणचा माल आणि गुग्गुळाची पोती शेजारी शेजारी ठेवलेली असतील, ही कल्पना मला फार आवडते. पुरावा त्या यादीपलीकडे काही नाही.

झुडपाची शास्त्रीय नोंद व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. सिंधमध्ये नोकरीला असलेले जॉन एलर्टन स्टॉक्स हे इंग्रज डॉक्टर वनस्पतींचे नादी होते. 1849 मध्ये त्यांचं गुग्गुळाचं वर्णन छापून आलं. पुढे नावांची बरीच उलटापालट झाली. सध्याचं 'कॉमिफोरा वायटिआय' हे नाव 1960च्या दशकात जोधपूरचे वनस्पतिशास्त्रज्ञ म. मा. भंडारी यांनी पक्कं केलं. हजारो वर्षं विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या झाडाचं नाव धड ठरायला एवढा वेळ लागला. त्याच दशकात गुग्गुळाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना घडली.

ती घडली बनारस हिंदू विद्यापीठात. गो. वि. सत्यवती नावाची संशोधक तिथे आयुर्वेदातल्या पदव्युत्तर पदवीसाठी काम करत होती. सुश्रुतातलं मेदोरोगाचं वर्णन वाचताना तिला ते फार ओळखीचं वाटलं. आहार आणि आळस यांमुळे मेद वाढतो, तो अंगातल्या वाटा अडवतो, आणि त्यातून पुढचे गंभीर रोग होतात. रक्तवाहिन्यांत चरबी साठून त्या अरुंद होतात हे आधुनिक वैद्यक त्या काळात नुकतंच ठासून सांगू लागलं होतं. हा दोन्हींमधला सांधा असेल, तर त्या रोगावर सांगितलेला गुग्गुळ कोलेस्टेरॉलवर चालायला हवा. तिने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि काहींना सोबत गुग्गुळ दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी राहिलं. प्रबंध 1966चा. या सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

ही गोष्ट सांगताना लोक नेहमी 'पूर्वजांना सगळं माहीत होतं' या स्थानकावर उतरतात. मला ते पटत नाही. सुश्रुताला कोलेस्टेरॉल माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. सत्यवतींचं मोठेपण असं की त्यांनी जुन्या ग्रंथातलं वाक्य पुरावा म्हणून न वापरता प्रश्न म्हणून वापरलं.

त्यानंतर गाडी वेगाने निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पाषाण रस्त्यावरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत, सुख देव आणि त्यांचे सहकारी आयुर्वेदातल्या कच्च्या औषधांचं रसायनशास्त्र उलगडत होते. गुग्गुळातली स्टेरॉइड वर्गातली द्रव्यं त्यांनी वेगळी काढली आणि 1972 मध्ये प्रसिद्ध केली. 'गुग्गुलस्टेरोन' म्हणून ती पुढे जगभर गाजली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने इथिल अॅसिटेट या द्रावकाने गुग्गुळाचा अर्क काढून त्याचं प्रमाणित औषध बनवलं, गुग्गुलिपिड. वेगवेगळ्या शहरांत रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सिप्लाने ते 'गुगलिप' नावाने बाजारात आणलं. ग्रंथातल्या श्लोकापासून केमिस्टच्या कपाटापर्यंतचा एवढा सरळ प्रवास आपल्याकडे फार थोड्या औषधांनी केला आहे.

याच सुमाराला, सप्टेंबर 1987 मध्ये, अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या औषधाला मान्यता मिळाली. हे पहिलं स्टॅटिन. आज घराघरात कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणून जे घेतलं जातं, त्या कुटुंबातलं थोरलं भावंडं. लोव्हास्टॅटिन एका बुरशीपासून मिळतं. ती स्टीलच्या टाकीत वाढवता येते आणि मागणी दुप्पट झाली तर टाक्या दुप्पट करता येतात. गुग्गुलिपिड मिळतं कच्छच्या टेकडीवरच्या काटेरी झुडपापासून.

हा फरक किती मोठा आहे ते कळावं म्हणून मी एकदा कागदावर ढोबळ हिशोब मांडला. गुग्गुलिपिडचा भारतीय चाचण्यांमधला डोस होता 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. म्हणजे रोज दीड ग्रॅम अर्क. राळेचा साधारण 45 टक्के भाग त्या द्रावकात उतरतो, उरलेला मुख्यतः डिंक. तेव्हा रोजच्या अर्काला सव्वातीन ग्रॅमच्या वर राळ लागली. वर्षाची झाली सुमारे 1 किलो 200 ग्रॅम, आणि कोलेस्टेरॉलचं औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. एका चांगल्या वाढलेल्या झुडपातून एका हंगामात 200 ते 500 ग्रॅम राळ निघते. म्हणजे एका रोग्याला वर्षाला अडीच ते सहा झुडपं. झुडूप चिरा देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. आणि चिरा दिल्यावर ते जगलं तर पुढची गोष्ट.

जगतं का? चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी नखत्राण्याच्या बाजूला गेलो होतो. सोबतच्या ड्रायव्हरला कच्छी येत होती, त्यामुळे माझं भागलं. रस्ता सोडून अर्धा तास चालल्यावर पहिलं झुडूप दिसलं. ते मेलेलं होतं. खोडावर चार-पाच खोल चिरा, कडांना काळे डाग, आणि फांद्या हाताने मोडाव्यात इतक्या सुकलेल्या. दुसरं निम्मं मेलेलं. तिसरं हिरवं निघालं, पण माझ्या गुडघ्याएवढं. तिथे शेळ्या चारणारे एक काका भेटले. तरुणपणी त्यांनीही गुग्गुळ काढला होता. मी काही विचारायच्या आत ड्रायव्हरच त्यांना म्हणाला, "हे पुण्याहून गुग्गळ बघायला आलेत." काका हसले. म्हणाले, "पूर्वी चीर द्यायची, आणि महिन्याने यायचं. आता महिन्याने आलं तर दुसऱ्याने नेलेला असतो."

त्या एका वाक्यात बराच अर्थ आहे. गुग्गुळाची राळ सालीच्या आतल्या मऊ थरात असलेल्या बारीक नळ्यांमध्ये असते. थंडीत, साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत, सालीला उथळ चीर दिली तर राळ हळूहळू पाझरते, वाळते आणि दहा-पंधरा दिवसांनी खरवडता येते. चीर सालीपुरतीच राहिली तर झुडूप तिला भरून काढतं. पण सालीच्या आणि लाकडाच्या मधल्या जिवंत थराला धक्का लागला, की वाढच थांबते. झुडूप कुणाच्याच मालकीच्या जमिनीवर नसेल, आणि भाव चढलेला असेल, तर उथळ चीर देऊन वाट पाहणारा मूर्ख ठरतो. म्हणून घाईचा उपाय निघाला. गुग्गुळ, घोड्याचं किंवा रानगाढवाचं मूत्र आणि मोरचूद यांची पेस्ट करून ती चिरेत भरायची. राळ भळभळा येते. झुडूप बहुधा वर्षभरात जातं.

शास्त्रज्ञांनाही घाईचा उपाय सापडला होता, आणि तो जास्त परिणामकारक होता. जखम झाली की झाड इथिलीन नावाचं संप्रेरक तयार करतं आणि त्याने राळ वाढते. इथेफॉन हे रसायन तेच इथिलीन बाहेरून पुरवतं. 1989 मध्ये भट, नायर आणि मोहन राम यांनी दाखवलं की नेमक्या आकाराची चीर आणि इथेफॉनची मोजकी मात्रा यांनी उत्पादन 22 पट वाढतं. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हातात हे वरदान आहे. मात्रा न मोजता टेकडीवर वापरलं तर पेस्टचंच भावंडं.

आता त्या औषधाकडे परत येऊ. 2002 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या बेलर मेडिकल कॉलेजच्या गटाचा लेख आला. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पुरेशी झाली की 'बस कर' असा निरोप देणारा एक ग्राही यकृतात असतो, त्याचं नाव एफएक्सआर. गुग्गुलस्टेरोन त्या ग्राहीचं तोंड दाबतं, असं या गटाने दाखवलं. ज्या उंदरांमध्ये हा ग्राहीच नव्हता त्यांच्यावर गुग्गुळाचा परिणाम झाला नाही. जगभर बातम्या झाल्या. हजारो वर्षांच्या औषधाचं कोडं सुटलं म्हणून आपल्याकडे आनंद झाला, तिकडे अमेरिकेत गुग्गुळाच्या बाटल्या आहारपूरक म्हणून खपत होत्याच.

आणि पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 103 जणांवर केलेली चाचणी 'जामा'त छापून आली. काहींना आठ आठवडे गुग्गुलिपिड दिलं, काहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणवलं जाणारं कोलेस्टेरॉल, उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढलं. निरौषधी गटाचं पाच टक्क्यांनी उतरलं. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं.

यावर पुष्कळ वाद झाला. अमेरिकन आहार वेगळा, माणसं वेगळी, शोधन न केलेला गुग्गुळ वेगळा. यातले काही मुद्दे रास्त आहेत. परंपरेत गुग्गुळ कधीच कच्चा देत नाहीत. फडक्यात बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात टांगून शिजवतात, मग तूप लावत कुटतात, आणि बहुतेक वेळा इतर औषधांसोबत देतात. पण उलट बाजूही सांगायला हवी. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय चाचणीत कोलेस्टेरॉल सरासरी 11 टक्के उतरलं होतं, आणि तिच्या मुख्य तुलनेत निरौषधी गोळी नव्हती, दुसरं औषध होतं. 1994 ची चाचणी काटेकोर होती, तिच्यातही उतार साधारण तेवढाच, पण त्यात माणसं होती फक्त 61. माझं वाचन असं, की गुग्गुळ शरीरात काहीतरी करतो हे नक्की. तो कोलेस्टेरॉलचं भरवशाचं औषध आहे, हे सिद्ध झालेलं नाही. तुमच्या घरात कुणी स्टॅटिन घेत असेल तर ते बंद करून गुग्गुळ सुरू करू नका, एवढं तरी या कागदपत्रांवरून ठामपणे सांगता येतं.

मला अस्वस्थ करते ती या सगळ्याची क्रमवारी. औषध चालतं का, या प्रश्नावर शास्त्रज्ञ भांडत होते तेव्हा टेकड्यांवरचा हिशोब जवळजवळ संपत आला होता. 2015 मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत गुग्गुळाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. त्याच्यापुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसं होणं. सगळा दोष कोलेस्टेरॉलच्या गोळीवर टाकणंही बरोबर नाही. धुपाची मागणी तिच्याआधीची आणि तिच्याहून मोठी आहे, वात-संधिवाताच्या गोळ्या आहेत, खाणी आहेत, आणि कच्छमध्ये सगळीकडे माजलेला गांडो बावळ आहे. पण 'प्रमाणित' या शब्दाने एक गोष्ट नक्की केली. राळेची मागणी वैद्याच्या खलबत्त्याच्या मापात होती, ती कारखान्याच्या मापात आली. भारतीय बाजारातला बराच गुग्गुळ पाकिस्तानातून यायचा, आणि तिकडे थरपारकरमध्येही रसायन भरलेल्या चिरांची तीच रड आहे. तुटवडा पडला की सालईची राळ मिसळली जाते. सातपुड्यातली सालई मग गुग्गुळाच्या नावाने देवघरात जळते.

लावायचं म्हटलं तर झुडूपही सहकार्य करत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 1996 मध्ये दाखवलं की गुग्गुळाची बहुतेक झुडपं मादी असतात, नर अगदी विरळा, आणि मादी परागाची वाट न पाहता स्वतःच बी धरते. अशा बीतून येणारं रोप हे आईचीच प्रत असतं. त्यामुळे एका टेकडीवरची झुडपं गेली की त्यांच्यातलं जे वेगळेपण होतं ते दुसऱ्या टेकडीवरून भरून येत नाही. बियाही दोन रंगांच्या धरतात, काळ्या आणि पांढऱ्या. पांढऱ्या रुजत नाहीत आणि काळ्यांतल्याही थोड्याच रुजतात. म्हणून रोपवाटिकांमध्ये बहुतेक वेळा फांद्यांचे तुकडे लावतात. अजमेरजवळ मांगलियावासला आयुर्वेद संशोधन परिषदेचं गुग्गुळाचं शेत आहे. गुजरात आणि राजस्थानात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पैशांतून लागवडी झाल्या. शेतकऱ्याला मात्र आठ-दहा वर्षं थांबून मग उथळ चीर द्यायची आणि तोवर राखण करायची, हे गणित जमत नाही. जिरं तीन-चार महिन्यांत घरी येतं.

परवा दुकानात गेलो तेव्हा मी दुकानदाराला विचारलं, "हा कुठला?" तो म्हणाला, "मुंबईहून येतो."